गुलूचे डॉक्टर मॅथ्यू

इबोला या रोगाचे नाव आपण वर्तमानपत्रात अधूनमधून वाचतो. या रोगाशी झुंजताना प्राण गमावलेल्या एका डॉक्टरांची आज आपण ओळख करून घेऊ या.

मॅथ्यू लुक्विया यांचा जन्म १९५७ साली उत्तर युगांडातील किटगुम येथे झाला. वडील मासळी विकत. मॅथ्यू बारा वर्षांचे असताना ते बुडून वारले. आई चोरून सीमेपलीकडे सुदानात चहा नेई व त्याबदल्यात साबण आणी. मुलगा मात्र फार हुशार निघाला. डॉक्टर होऊन तो गुलूजवळच्या लाचोर येथील सेंट मेरीज या मिशन इस्पितळात आला आणि तिथलाच झाला. १९८९ च्या गुड फ्रायडेला बंडखोर इस्पितळातील सिस्टरांना पळवून न्यायला आले, तेव्हा त्यांच्याऐवजी डॉक्टर स्वतः गेले. आठवड्याने त्यांची सुटका झाली.

ऑक्टोबर २००० मध्ये ते कंपाला येथे पुढील शिक्षण घेत होते. शिकाऊ नर्स एका विचित्र तापाने दगावत असल्याचा निरोप आला. डॉक्टरांनी लगेच परतून केसपेपर तपासले, जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिका वाचून काढली आणि रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता वेगळा वॉर्ड उघडला. गाऊन, एप्रन, बूट, टोपी, मास्क, हातमोज्यांचे दोन जोड, डोळ्यांना चष्मा, ब्लीचचे पाणी, हे सारे त्यांनी नर्सना शिकवले. तरीही नर्स मरत होत्या. नोव्हेंबरअखेर घाबरलेले कर्मचारी एकत्र जमले. इस्पितळ बंद करा, अशी त्यांची मागणी होती. बंद झाले तर आपण गुलू कायमचे सोडू, असे डॉक्टरांनी सांगितले. तासन्‌तास बोलणे झाले आणि मंडळी पुन्हा वॉर्डात गेली.

त्याआधीच एका पहाटे रक्त ओकणाऱ्या नर्सला सावरायला डॉक्टर झोपेतून उठून धावले होते. अंगावर सगळे चढवले, फक्त डोळे उघडे राहिले. इतरांना शिकवणारा माणूस चष्मा कसा विसरला? महिनाभर ज्याला पुरती झोप नाही, त्याला हा प्रश्न विचारण्याचे धाडस आम्हाला होत नाही.

५ डिसेंबर २००० रोजी, आपणच उघडलेल्या वॉर्डात ते वारले. त्या साथीत ४२५ जणांना लागण झाली, २२४ दगावले. इबोलाने गेलेल्याच्या देहातूनही रोग पसरतो, म्हणून त्याच दिवशी, अंगभर पोशाख घातलेल्या माणसांनी त्यांना पुरले. शेजारी डॉ. लुसिल कोर्ती यांची कबर आहे. पती पिएरो यांच्यासह त्यांनी हे इस्पितळ नावारूपास आणले. शस्त्रक्रिया करताना रुग्णाच्या रक्तातून त्यांना एड्सची लागण झाली होती. त्या १९९६ साली वारल्या.