कवटीवरून माणसाचा चेहरा उभा करणारे मिखाईल गेरासिमोव

जून 1941. मध्य आशियातल्या समरकंद शहरात तैमूरलंगाची कबर उघडली गेली. हाच तो तैमूर, ज्याने 1398 मध्ये दिल्लीवर स्वारी करून शहर लुटलं होतं. कबरीजवळ उभ्या असलेल्या पथकात 33 वर्षांचा एक रशियन माणूस होता. त्याचं नाव मिखाईल गेरासिमोव. त्याचं काम एकच, कवटी हातात घेऊन मेलेल्या माणसाचा चेहरा पुन्हा उभा करायचा.

गेरासिमोव यांचा जन्म 1907 चा. वडील डॉक्टर. लहानपण गेलं सायबेरियातल्या इर्कुत्स्कला. पोरवयातच हाडांचा आणि जुन्या वस्तूंचा नाद लागला. शरीरशास्त्र आणि उत्खनन अशी दोन्ही कामं ते शिकले.

1928 मध्ये इर्कुत्स्कजवळच्या माल्टा गावात एक शेतकरी तळघर खणत होता. खणता खणता भलंमोठं हाड लागलं. ते हाड मॅमथचं, म्हणजे आता नामशेष झालेल्या केसाळ हत्तीचं होतं. खबर लागताच गेरासिमोव तिथं पोहोचले. पुढे तिथं वीस हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली. हाडांच्या आधाराने बांधलेली घरं, हस्तिदंतात कोरलेल्या छोट्या मूर्ती आणि दागिन्यांसह पुरलेलं एक लहान मूल सापडलं.

पण गेरासिमोव यांना प्रश्न पडायचा, ही माणसं दिसायची कशी? तोवर अनेकजण आदिमानवाचं चित्र मनानेच काढायचे. कोणी माकड करायचं, कोणी राक्षस. गेरासिमोव यांनी अंदाजाऐवजी मोजमाप घेतलं. शवागारात बसून मृतदेहांच्या चेहऱ्यावर कपाळ, गाल, हनुवटी अशा ठिकाणी मांसाची जाडी किती असते, ते त्यांनी मोजलं. स्नायू जिथं हाडाला धरतात, तिथं खुणा राहतात. त्या खुणांवरून आधी जबड्याचे स्नायू, मग बाकीचा चेहरा, असं ते मातीत घडवत.

लोकांना विश्वास बसेना. मग त्यांची परीक्षा झाली. ज्यांचे फोटो उपलब्ध होते अशा माणसांच्या कवट्या नाव न सांगता त्यांना दिल्या गेल्या. चेहरे बरेच जुळले. नंतर बेवारस हाडांची ओळख पटवायला पोलीसही त्यांच्याकडे येऊ लागले.

तैमूरच्या सांगाड्यात उजवा पाय आखडलेला निघाला. इतिहासात लंगडा म्हणतात ते खरंच होतं. कबर उघडली आणि 22 जूनला जर्मनीने रशियावर हल्ला केला, म्हणून शाप लागला अशी गोष्ट अजून फिरते. पण हिटलरने हल्ल्याचा आदेश 1940 च्या डिसेंबरमध्येच काढला होता. कबरीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

1950 मध्ये मॉस्कोत त्यांच्या कामासाठी खास प्रयोगशाळा सुरू झाली. झार इव्हान द टेरिबलचा चेहराही त्यांनीच केला. पण राजांइतकीच मेहनत त्यांनी निनावी माणसांवर घेतली. उझबेकिस्तानच्या तेशिक-ताश गुहेत 1938 मध्ये निअँडरथल जातीच्या एका लहान मुलाची कवटी सापडली होती. तिचे पार तुकडे झाले होते. ते जोडून गेरासिमोव यांनी त्या पोराला चेहरा दिला. बघणाऱ्याला त्यात जनावर दिसत नाही, कुणाचं तरी लेकरू दिसतं.

या पद्धतीला मर्यादा आहेतच. कानाचा आकार, ओठांची ठेवण, केसांची तऱ्हा हाड पुरतं सांगत नाही. तिथं घडवणाऱ्याला अंदाजच करावा लागतो, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. तरी कवटीचं माप सोडून चेहरा करायचा नाही, ही शिस्त त्यांनी घालून दिली.

1970 मध्ये मॉस्कोत त्यांचं निधन झालं. तोवर दोनशेहून जास्त चेहरे त्यांच्या हातून घडले होते. आज हे काम संगणकावरही होतं, पण सुरुवात अजूनही तिथूनच होते, हाडावर किती मांस होतं, या हिशोबापासून.