आधी स्पोर्ट्‌स कार, मग घरची गाडी : सोइचिरो होंडा



आपल्या ग्योतोकुत मराठी घरांमधे गाडी घ्यायची चर्चा निघाली की ती साधारण एकाच वळणाने जाते. लायसन्स जपानी करून झालेलं असतं, पार्किंगची जागा भाड्याने शोधून तिचा दाखला पोलिसांकडून आणायचा असतो, आणि तोवर घरात दोन पक्ष पडलेले असतात. एका पक्षाला दोन दारांची, बुटकी, शक्यतो लाल रंगाची स्पोर्ट्‌स कार हवी असते. दुसऱ्या पक्षाला डोळ्यांसमोर सुट्टीत भारतातून येणारे आजी-आजोबा, लहान मुलाची सीट, डबे, पाण्याच्या बाटल्या आणि निक्कोहून परतताना लागणारा ट्रॅफिक जॅम दिसत असतो. हा वाद मिटवायची आमची हिंमत नाही! पण ज्या माणसाचं नाव आपल्यापैकी कितीतरी जणांच्या गाडीवर लिहिलेलं असतं, त्याचं निम्मं आयुष्य याच वादात गेलं. त्याची ही हकीकत.

सोइचिरो होंडाचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, शिझुओका प्रांतातल्या कोम्यो नावाच्या खेड्यातला. आता तो भाग हामामात्सु शहरात येतो. वडील गिहेई लोहार, पुढे सायकली दुरुस्त करू लागले. आई मिका विणकाम करायची. अभ्यासात मुलगा यथातथाच. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा पोरगा तिच्यामागे धावत सुटला आणि ती थांबली तिथे जमिनीवर सांडलेल्या तेलाचा वास घेत बसला. १९१७ साली हामामात्सुला आर्ट स्मिथ नावाच्या अमेरिकन वैमानिकाच्या कसरती होत्या. सोइचिरोने घरातले दोन सेन उचलले, वडिलांची मोठी सायकल मधल्या दांड्याखालून पाय घालून चालवत तिथे पोचला, तर तिकिटाला पैसे कमी! मग झाडावर चढून विमान बघितलं. मराठी माणसाला या प्रसंगाची वेगळी ओळख करून द्यायला नको.

१९२२ मधे, पंधराव्या वर्षी, तो तोक्योला होंगो भागातल्या आर्ट शोकाई या मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमधे उमेदवारीला लागला. सुरुवातीचे काही महिने हातात पाना नाही, तर मालकाचं तान्हं मूल. १ सप्टेंबर १९२३ ला कांतो भागाचा तो महाभूकंप झाला, आगी लागल्या, आणि गॅरेजमधल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर काढायची वेळ आली. सोइचिरोने आयुष्यात पहिल्यांदा मोटार चालवली ती त्या दिवशी. शहर जळत असताना त्याला त्या गोष्टीचा आनंद झाला होता, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलंय.

मालक युझो साकाकिबारा यांना शर्यतींचा नाद होता. विमानाचं जुनं कर्टिस इंजिन बसवून त्यांनी एक रेसिंग कार तयार केली. १९२४ च्या शर्यतीत ती पहिली आली, तेव्हा चालकाशेजारी मेकॅनिक म्हणून सोइचिरो बसला होता. वेगाचं वेड लागलं ते तिथे. १९२८ मधे त्यांनी हामामात्सुला गॅरेजची शाखा काढली, धंदा चांगला चालला, आणि मिळालेला पैसा पुन्हा शर्यतीच्या गाडीत घातला. जून १९३६ मधे कावासाकीजवळ तामा नदीच्या काठी नवा रेसिंग ट्रॅक उघडला. पहिल्याच शर्यतीत त्यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली. ते बाहेर फेकले गेले. सोबत बसलेला धाकटा भाऊ बेंजिरो चांगलाच जखमी झाला. शर्यतीत स्वतः गाडी चालवणं तिथून जवळजवळ संपलं, वेड मात्र संपलं नाही.

मधली वर्षं भराभर सांगतो. पिस्टन रिंगांचा कारखाना काढला, धातुशास्त्र कळत नाही म्हणून तिशीत पुन्हा शाळेत जाऊन बसले, युद्ध आणि १९४५ च्या भूकंपात कारखाना मोडकळीला आला, उरलेला हिस्सा टोयोटाला विकून टाकला. १९४६ मधे सैन्याच्या वायरलेस संचांची छोटी इंजिनं भंगारात मिळाली, ती त्यांनी सायकलला बसवायला सुरुवात केली. पहिल्या सायकलला पेट्रोलची टाकी म्हणून शेकायची गरम पाण्याची बाटली लावली होती. ती सायकल रस्त्यावर चालवून बघितली पत्नी साची यांनी. युद्धानंतरच्या टंचाईत धान्य-भाजी मिळवायला त्यांना लांबलांब सायकल हाणावी लागे, ती दगदग वाचावी हाही त्यामागचा हेतू होता. म्हणजे बघा, होंडाचं पहिलं वाहन वेगासाठी नव्हतं, घरच्या माणसाच्या सोयीसाठी होतं!

१९४८ मधे कंपनी स्थापन झाली, १९४९ मधे ताकेओ फुजिसावा येऊन मिळाले. इंजिन होंडांचं, पैसा आणि विक्री फुजिसावांची, अशी वाटणी. कंपनीचा शिक्कासुद्धा फुजिसावांकडेच असे. (जपानमधे राहणाऱ्यांना हांकोचं महत्त्व सांगायला नकोच.) १९५८ मधे या जोडीची सुपर कब आली : क्लच दाबायची गरज नाही, म्हणजे सोबा पोचवणारा पोरगा एका हातात ताट सांभाळत दुसऱ्या हाताने चालवू शकेल. २०१७ पर्यंत या गाडीने दहा कोटींचा आकडा गाठला. आपल्याकडे १९८० च्या दशकात पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की सुरू, गियर नाहीत, साडी नेसून आरामात चालवता यायची, तिची वंशावळ इथवर मागे जाते. दुसरीकडे १९६१ मधे होंडाच्या मोटरसायकलींनी आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत दोन गटांत पहिले पाचही क्रमांक मारले. एका हाताला सोय, एका हाताला वेग. दुचाकीत दोन्ही जमत होतं. मोटारीत मात्र गाडं अडलं.

१९६१ च्या सुमारास जपानच्या व्यापार आणि उद्योग खात्याच्या मनात होतं की मोटार बनवणाऱ्या कंपन्यांचे ठराविक गट करायचे आणि नव्यांना या धंद्यात शिरू द्यायचं नाही. होंडा खवळले. सरकारशी भांडले. पण नुसतं भांडून भागणार नव्हतं, कायदा व्हायच्या आत आपण मोटारी बनवतो हे दाखवायला हवं होतं. आणि घाईत माणूस तेच करतो जे त्याला सगळ्यात चांगलं येतं. त्यांना छोटं, भन्नाट फिरणारं इंजिन येत होतं. त्यामुळे ऑगस्ट १९६३ मधे होंडाचं पहिलं चारचाकी आलं ते टी ३६० हा छोटा टेंपो, आणि ऑक्टोबरमधे एस ५०० ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स कार. एस ५०० चं इंजिन ५३१ सीसीचं, चार सिलिंडर, चार कार्ब्युरेटर, मिनिटाला ८००० फेऱ्यांवर ४४ अश्वशक्ती, आणि मागच्या चाकांना ताकद जायची ती मोटरसायकलसारखी साखळीने! टेंपोमधेही त्याच जातकुळीचं इंजिन. भाजी वाहणाऱ्या गाडीत शर्यतीचं काळीज घालणारा दुसरा उत्पादक आम्हाला तरी माहीत नाही. लाल रंगाचीही एक गंमत आहे. आगीच्या बंबाशी गोंधळ नको म्हणून तेव्हा साध्या मोटारीला लाल रंग देता येत नसे. होंडांनी तो नियम बदलून घेतला. आज ग्योतोकुच्या पार्किंगमधे लाल गाडी दिसली तर थोडं श्रेय त्यांना द्या.

तो कायदा पुढे झालाच नाही. पण एक कुटुंब काही एस ५०० मधे मावणार नव्हतं. १९६७ मधे एन ३६० आली : छोटीच, पण इंजिन पुढे आडवं बसवलेलं, चालणारी चाकंही पुढची, आणि आधी माणसांना जागा, उरलेल्यात यंत्र, अशा विचाराने आखलेली. ती तुफान खपली. पुढे १९७० मधे ती सदोष असल्याचे आरोप झाले, प्रकरण सरकारी वकिलांपर्यंत गेलं, खटला भरला गेला नाही, पण खप पडला.

खरी परीक्षा त्याच्या मधेच झाली. होंडांची ठाम श्रद्धा होती की इंजिन हवेनेच थंड करायचं. त्यांचा युक्तिवाद सोपा होता : पाण्याने थंड केलं तरी ते पाणी शेवटी रेडिएटरमधे हवाच थंड करते, मग मधे पाणी कशाला? मोटरसायकलला हे चपखल बसतं, कारण तिचं इंजिन वाऱ्यातच उघडं असतं. मोटारीच्या बॉनेटखाली मात्र वारा मुद्दाम आणावा लागतो, त्याला पंखा लागतो, पंख्याचा आवाज येतो. जुलै १९६८ मधे फ्रान्समधे रुआँच्या शर्यतीत होंडाची हवेने थंड होणारी नवी फॉर्म्युला वन गाडी उतरवली गेली. संघाचा मुख्य चालक जॉन सर्टीझ याने ती तयार नाही म्हणून चालवायला नकार दिला होता. मग फ्रेंच चालक जो श्लेसर ती घेऊन उतरला. काही फेऱ्यांतच ती रस्ता सोडून आदळली, पेटली आणि श्लेसर गेला. त्या वर्षअखेरीस होंडाने फॉर्म्युला वन थांबवलं.

तरीही १९६९ मधे बाजारात आली ती हवेने थंड होणारी होंडा १३००. (याच वर्षीच्या मार्चमधे तोझाई लाइन वाढली आणि आपलं ग्योतोकु स्टेशन उघडलं. एके काळी एदोला मीठ पुरवणारं हे गाव तेव्हा कुठे मेट्रोच्या नकाशावर आलं.) १३०० ही दिसायला चार दारांची घरगुती गाडी, ताकद शंभर अश्वशक्तीच्या घरातली, त्या काळच्या तेराशे सीसीला थक्क करणारी. पण दुहेरी भिंतींचं ते इंजिन जड झालं, महाग झालं. पुढचं नाक जड, त्यामुळे वळणावर गाडी सरळच जाऊ बघायची. शिवाय होंडा शेवटच्या क्षणापर्यंत आराखडा बदलत राहिले, कारखान्यात लोक मेटाकुटीला आले. थोडक्यात, सेडानच्या कपड्यांत स्पोर्ट्‌स कार, आणि सहा तास बायकामुलांना घेऊन जाणाऱ्याला जे हवं असतं ते सोडून बाकी सगळं तिच्यात होतं. ती खपली नाही.

तरुण इंजिनियरांना पाण्याचं इंजिन हवं होतं. अमेरिकेत धुराचे कडक नियम येऊ घातले होते, आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तापमान काबूत ठेवणं अवघड, त्यामुळे धूर स्वच्छ करणंही अवघड. पण म्हाताऱ्याला सांगणार कोण? कंपनीत त्यांना लोक तातच म्हणत, प्रेमाने आणि धाकाने. संतापले की हातात येईल ते फेकत, अशी ख्याती. शेवटी ही मुलं फुजिसावांकडे गेली. फुजिसावांनी होंडांना एवढंच विचारलं, की तुम्ही या कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार की इंजिनियर म्हणून? होंडा काही वेळ गप्प राहिले. मग अध्यक्ष म्हणूनच राहायला हवं असं म्हणाले आणि पाण्याला परवानगी दिली. ज्या गोष्टीवर वीस वर्षं कंपनी उभी केली ती एका संध्याकाळी सोडून द्यायची... शर्यतीतल्या अपघातापेक्षा हे अवघड गेलं असेल, असं आम्हाला वाटतं. पाण्यासाठी हट्ट धरणाऱ्यांपैकी तादाशी कुमे पुढे कंपनीचे तिसरे अध्यक्ष झाले.

जुलै १९७२ मधे सिव्हिक आली. ११६९ सीसी, साठ अश्वशक्ती, म्हणजे १३०० च्या मानाने मवाळच. लांबी साडेतीन मीटरच्याही आत. पण चाकं चारही कोपऱ्यांत, आत चार मोठी माणसं नीट बसतील अशी जागा, आणि पाण्याने थंड होणारं शांत इंजिन. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे त्यांनी सीव्हीसीसी हे कमी धुराचं इंजिन जाहीर केलं. अमेरिकेतले १९७५ चे नियम कुणालाच पाळता येणार नाहीत अशी मोठ्या कंपन्यांची तक्रार चालू असताना होंडाचं इंजिन त्या कसोटीला सगळ्यात आधी उतरलं.

या इंजिनाच्या वेळची एक गोष्ट होंडा स्वतः सांगत. अमेरिकेच्या बड्या कंपन्यांच्या बरोबरीला यायची ही संधी आहे, असं ते उत्साहाने बोलले. त्यावर त्यांच्याच तरुण इंजिनियरांनी नाराजी दाखवली : आम्ही हे कंपनीसाठी करत नाही, समाजासाठी, मुलांना स्वच्छ हवा मिळावी म्हणून करतो. होंडांना ते लागलं. आपण अजून शर्यतच धावतोय आणि ही मुलं पुढे निघून गेली, हे त्यांच्या लक्षात आलं. फुजिसावांनी निवृत्तीचं मनात आणल्याचं कळताच त्यांनीही आपलं ठरवलं, आणि ऑक्टोबर १९७३ मधे दोघं एकदमच पायउतार झाले. होंडा ६६ वर्षांचे होते. खुर्चीवर आले ४५ वर्षांचे कियोशी कावाशिमा. दोघांनीही आपल्या मुलांना कंपनीत घेतलं नव्हतं. त्याच महिन्यात तेलाचं संकट आलं, आणि कमी पेट्रोल पिणारी सिव्हिक जगभर मागितली जाऊ लागली.

मग होंडांनी एक लांबचा प्रवास काढला. देशभरातल्या होंडाच्या कारखान्यांना, विक्रेत्यांना, आडगावच्या दोन-तीन माणसांच्या दुरुस्ती केंद्रांनाही भेट द्यायची आणि प्रत्येकाचा हात हातात घेऊन आभार मानायचे. सातशेच्या आसपास ठिकाणं, दीड वर्ष. एका ठिकाणी एक कामगार हाताला तेल लागलंय म्हणून हात पुसायला वळला. होंडांनी तो तेलकट हातच धरला, आणि नंतर आपल्या हाताचा वास घेतला. कोम्यो गावातल्या रस्त्यावरचा तोच वास.

१९८९ मधे अमेरिकन ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममधे त्यांचं नाव लागलं, तो मान मिळालेले ते पहिले जपानी. पुढच्या वर्षी कंपनीने एनएसएक्स काढली. ती स्पोर्ट्‌स कारच, पण रोज ऑफिसला नेता यावी, बाहेरचं नीट दिसावं, लांब जाऊन पाठ धरू नये अशी. मे १९९१ मधे बीट आली, दोन माणसांची, उघडी, इवलीशी, पार एस ५०० ची नात शोभेल अशी. ५ ऑगस्ट १९९१ ला होंडा गेले. कंपनीतर्फे मोठा अंत्यविधी करू नका असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मोटारी बनवणाऱ्या माणसासाठी रस्त्यावर ट्रॅफिक जॅम व्हावा, हे त्यांना पटणारं नव्हतं.

ज्यांना या गाड्या प्रत्यक्ष बघायच्या असतील त्यांनी तोचिगी प्रांतात मोतेगीला होंडाचं कलेक्शन हॉल जरूर बघावं. १९२४ ची ती कर्टिस गाडीसुद्धा तिथल्या संग्रहात आहे. हामामात्सुत फुतामाता भागात त्यांच्या नावाचं छोटं संग्रहालयही आहे, २०१० मधे जुन्या नगर कार्यालयाच्या इमारतीत सुरू झालेलं. मोतेगीला ट्रेनने जाणं मुलांबरोबर जरा त्रासाचंच, तेव्हा गाडी असलेल्या मित्राला आधीच पटवून ठेवा!