विश्लेषण : देवघरातली लक्ष्मी संग्रहालयात कशी पोहोचली? राजा रविवर्मांच्या छापील चित्रांची गोष्ट

कमळावर उभी चतुर्भुज लक्ष्मी, हाती वीणा घेतलेली सरस्वती. शिरगावातल्या फ्लॅटमध्ये असो वा कोकणातल्या घरी, देवघरातल्या या रूपांमागे बहुतेकदा राजा रविवर्मांचा कुंचला असतो. त्यांची छापील चित्रे आज जगभरातील संग्रहालये जपतात. मात्र ज्या छापखान्याने ती घरोघरी नेली, त्याने रविवर्मांना कर्जात बुडवले.

रविवर्मा कोण होते?

त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी त्यांचा जन्म झाला. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांची दहा चित्रे झळकली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी त्यांनी पौराणिक चित्रमालिका रंगवली.

छापखाना कशासाठी?

तैलचित्र एकच असते आणि ते राजवाड्यात राहते. चित्रांच्या प्रती काढून ती सर्वांपर्यंत न्यावीत, असे दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचवले होते. १८९४ मध्ये रविवर्मांनी बंधू राजा राजवर्मा यांच्यासह मुंबईत गिरगावात शिळाछापखाना काढला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीचे होते. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून एकावर एक ठसे उमटवले जात. ‘शकुंतलाजन्म’ हे पहिले चित्र. मंदिराचे दार ज्यांना बंद होते, त्यांच्याही घरात देव आले.

मग तोटा का?

खर्च मोठा होता आणि मुंबईत प्लेगचे थैमान सुरू होते. छापखाना घाटकोपरला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. मळवली बदलापूरवरून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच आहे. कर्ज वाढतच गेले आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. त्यांनी तो चालवून दाखवला. चित्रांच्या जोडीला लेबले आणि जाहिरातीही छापल्या. दादासाहेब फाळके यांनीही सिनेमाकडे वळण्यापूर्वी येथे काम केले होते. १९०५ मध्ये राजवर्मा गेले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मांचे निधन झाले. १९७२ मध्ये आगीत छापखाना नष्ट झाला.

संग्राहकांना ही चित्रे का हवीत?

प्रती हजारोंनी निघाल्या, पण त्या भिंतीवर लावण्यासाठी होत्या. धूर, ओल, कसर यांनी बहुतेक खराब झाल्या. काही घर बदलताना रद्दीत गेल्या. काहींवर घरातल्या बायकांनी जर आणि टिकल्या लावल्या. पूर्वी बिघाड वाटणारी ही सजावट आज संग्राहक आवडीने जपतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२३-२४ मध्ये भारतीय देवतांच्या छापील चित्रांचे प्रदर्शन भरवले, त्यात रविवर्मा प्रेसची चित्रेही होती.

घरातले चित्र जुने आहे का?

खालच्या कडेला ‘रविवर्मा प्रेस’ आणि कार्ला, मळवली किंवा लोणावळा अशी नावे इंग्रजीत आहेत का पाहा. भिंगातून पाहिल्यास शिळाछापातले ठिपके हाताने काढल्यासारखे अनियमित दिसतात. आजच्या छपाईत ते ठरावीक रांगेत असतात. चित्र जुने निघाले तर चौकट घाईने उघडू नका. ऊन आणि ओलीपासून ते दूर ठेवा. घर रिकामे करताना रद्दीची दोरी आवळण्याआधी ही कडा एकदा वाचून घ्या.