दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे खरे नाव धुंडिराज. बडोद्याच्या कलाभवनात ते फोटोग्राफी शिकले. गुरुजी म्हणाले, हा मूळचा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ उजेडाने लिहिणे. आपण मात्र छायाचित्र म्हणतो, म्हणजे सावलीचं चित्र! मला गंमत वाटली.

सारखे सिनेमे बघून दादासाहेबांना काही दिवस दिसेनासे झाले. औषधाने डोळे बरे झाले. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली विलायतेला गेले आणि कॅमेरा आणला. पत्नी सरस्वतीबाई अंधारात फिल्म धूत असत. १९१३ साली मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला. तो मुका होता, म्हणून पडद्यावर हिंदी व इंग्रजी अक्षरे येत. १९१७ साली त्यांनी 'नवयुग' मासिकात 'भारतीय चित्रपट' या नावाने लेख लिहिले.

पट म्हणजे कापड. माझ्या आजीला सिनेमॅटोग्राफ म्हणता येत नाही, पण चित्रपट लगेच कळतो. पनवेलला आम्ही चित्रपट बघायला गेलो, तेव्हा ती मागून येणारा उजेडच बघत बसली.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेब नाशिकला वारले. त्यांना माझा नमस्कार.

इयत्ता ४ थी