आनंदवनभुवनाचे स्वप्न पाहणारा जांबचा नारायण

जालना : घनसावंगी तालुक्यातील जांब हे गाव आज जांब समर्थ या नावाने ओळखले जाते. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांचे धाकटे चिरंजीव नारायण यांचा जन्म शके १५३० मध्ये, म्हणजे १६०८ साली, चैत्र शुद्ध नवमीला याच गावी झाला. पुढे महाराष्ट्राने त्यांना समर्थ रामदास म्हटले. त्यांच्या चरित्रातील लग्नमंडपातून पलायन, टाकळीची तपश्चर्या, अकरा मारुती आणि दासबोध या गोष्टी शालेय पुस्तकांपासून कीर्तनांपर्यंत सर्वत्र सांगितल्या जातात. मात्र एका रात्री पाहिलेले स्वप्न त्यांनी काव्यात उतरवले आणि ते स्वप्न खरे होत असल्याची ग्वाहीही त्याच काव्यात दिली, ही गोष्ट तुलनेने कमी चर्चिली जाते. ‘आनंदवनभुवनी’ हे ते काव्य. जगाला स्वप्नाइतके खोटे मानणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या या आचार्याने स्वप्नावरच एवढा भरवसा का ठेवला, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याकडे नव्याने पाहायला लावतो.

ठोसरांचे घराणे सूर्योपासक आणि रामोपासक. वडील बंधू गंगाधरपंत स्वतः ग्रंथकार होते. ‘श्रेष्ठ’ किंवा ‘रामीरामदास’ या नावाने ते संप्रदायात ओळखले जातात आणि ‘भक्तिरहस्य’ व ‘सुलभोपाय’ हे ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. नारायण लहान असतानाच वडील निवर्तले. थोरल्या भावाकडे त्याने अनुग्रह मागितला; तू अजून लहान आहेस, असे म्हणून भावाने तो टाळला. तेव्हा रुसलेला मुलगा गावच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसला आणि तेथे त्याला प्रभू रामचंद्रांचे दर्शन होऊन मंत्र मिळाला, असे सांप्रदायिक चरित्रकार सांगतात. हे दर्शन जागेपणीचे की झोपेतले, याचा खल त्यांनी केलेला नाही. मराठीत अशा अनुभवाला दृष्टांत म्हणतात. हाच शब्द अलंकारशास्त्रात उदाहरण या अर्थाने येतो. देवाने स्वप्नात येऊन सांगितलेली गोष्ट आणि कवीने दिलेला दाखला यांना भाषेने एकच नाव द्यावे, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण वाटतो.

वयाच्या बाराव्या वर्षी लग्नाच्या मंडपातून सावधान हा शब्द ऐकताच तो निघाला. नाशिकजवळ टाकळी येथे नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर त्याने १२ वर्षे काढली. पहाटेपासून पाण्यात उभे राहून जप, दुपारी माधुकरी आणि नंतर ग्रंथवाचन व लेखन असा त्याचा दिनक्रम सांगितला जातो. त्यांतील लेखनाचा पुरावा मात्र दंतकथेपलीकडचा आहे. समर्थांच्या हस्ताक्षरातील वाल्मीकी रामायणाची प्रत धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहे. हजारो श्लोकांचे महाकाव्य हाताने उतरवून काढणारा हा तरुण शब्दांची उमेदवारी करीत होता, असेच म्हणावे लागेल. पुढे स्वप्नाला लागणारी भाषा त्याने येथे कमावली.

टाकळीचा काळ संपत आला तेव्हा, १६३० ते १६३२ या वर्षांत, दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. देहूच्या तुकोबांचा संसार याच दुष्काळाने मोडला. रूढ मतानुसार तुकोबा आणि समर्थ एकाच वर्षी जन्मलेले. विशेष असे की तुकोबांच्या कवित्वाचा आरंभही स्वप्नातूनच झाला. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन उरलेली अभंगरचना पुरी करण्याचे काम सोपवले, हे तुकोबांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. त्यांना गुरुपदेशही स्वप्नातच झाला. वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या संत बहिणाबाईंना कोल्हापुरात असताना तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला, तो त्यांच्या अभंगांतून आला आहे. सतराव्या शतकातल्या मराठी कवितेला स्वप्न हे परवानापत्रासारखे होते. शास्त्राचा अधिकार नाकारला गेलेल्या वाण्याला आणि स्त्रीला लिहिण्याची मुभा स्वप्नाने दिली. समर्थांना तशी गरज नव्हती; जन्माने ते अधिकारी होते. त्यांचे स्वप्न म्हणूनच वेगळ्या जातीचे ठरते.

१६३२ नंतर १२ वर्षे त्यांनी भारतभर तीर्थाटन केले. मोडलेली देवळे, ओस पडलेली गावे, धास्तावलेली माणसे त्यांनी पाहिली. ‘अस्मानी सुलतानी’ आणि ‘परचक्रनिरूपण’ या प्रकरणांत त्या अवस्थेचे वर्णन वार्ताहराने बातमी द्यावी इतक्या थेट शब्दांत आले आहे. प्रवासाच्या अखेरीस ते जांबला आले, आईला भेटले आणि १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी स्थिरावले. मसूरला रामनवमीचा उत्सव सुरू झाला, १६४८ मध्ये चाफळचे राममंदिर उभे राहिले. त्या मंदिरातील मूर्तीही दृष्टांतानेच सापडली. अंगापूरच्या डोहात मूर्ती असल्याची खूण त्यांना मिळाली आणि त्यांनी ती बाहेर काढली, असे चरित्रग्रंथ सांगतात.

दासबोधातील स्वप्नाचा उपयोग मात्र पूर्ण उलट्या दिशेने जातो. २० दशक, २०० समास आणि ७,७५१ ओव्यांच्या या ग्रंथात स्वप्न हे मायेचे नेहमीचे उदाहरण आहे. झोपेत जे खरे वाटते ते जाग येताच नाहीसे होते, तसाच हा दृश्य पसारा ज्ञान होताच मावळतो, हे समर्थ पुन्हा पुन्हा सांगतात. चौदाव्या दशकात कवित्वकलेवर स्वतंत्र समास आहे. त्यात त्यांनी कवितेचे ढीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार केले आहेत. मनात येईल ते बळेच जुळवलेले ते ढीट. पुष्कळ ग्रंथ पाठ करून त्याबरहुकूम उतरवलेले ते पाठ. वैराग्य आणि भगवद्भक्ती अंगी मुरलेल्या माणसाच्या तोंडून सहज निघालेले ते प्रासादिक. या मोजपट्टीवर नुसते स्वप्न लिहून काढणे ढीट कवित्वातच मोडेल, कारण स्वप्न म्हणजे मनात आलेलेच. त्याला प्रासादिक करणारी वस्तू एकच, ती म्हणजे प्रचीती. दासबोधात प्रचीतीशिवाय बोलण्याला काडीचीही किंमत नाही.

‘आनंदवनभुवनी’ वाचताना हे सूत्र हाती असले तर कोडे उलगडते. सुमारे ६० श्लोकांचे हे काव्य अनुष्टुभ छंदात असून आनंदवनभुवन हेच पालुपद त्यात घुमत राहते. आरंभी संसारदुःखाने पोळलेला जीव बोलतो. मग रात्रीच्या स्वप्नाचा उल्लेख येतो आणि पाहिले तसेच घडत असल्याचे कवी सांगतो. विघ्नांच्या फौजा उठतात, त्यांच्यावर मारुती तुटून पडतो, देवांचा बंदिवास संपतो, मोडलेली क्षेत्रे पुन्हा मांडली जातात, स्नानसंध्येला मुबलक पाणी मिळते. जालन्यासारख्या पर्जन्यछायेच्या मुलखात जन्मलेल्या कवीला स्वर्गाच्या चित्रात आधी पाणी दिसावे, हे इथल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. शेवटी लिहिलेल्याचा प्रत्यय आला, याचे समाधान कवी व्यक्त करतो. म्हणजे स्वप्न हे त्याच्या दृष्टीने केवळ प्रतिज्ञापत्र होते. त्यावर शिक्का अनुभवाचा.

हे आनंदवन कोणते? पुराणांत काशीक्षेत्राला आनंदवन म्हटले आहे. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकुमाने काशीविश्वेश्वराचे मंदिर पाडले गेले. १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेक झाला. या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे या काव्याची धग कळते. म्लेंच्छांविषयी त्यातील भाषा जहाल आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ती त्या काळाची आणि त्या जखमेची भाषा आहे. काव्यात औरंगजेबाचा नाश झालेला आहे. प्रत्यक्षात समर्थांनी सज्जनगडावर २२ जानेवारी १६८२ रोजी, माघ वद्य नवमीला देह ठेवला, तेव्हा औरंगजेब दख्खनेत नुकताच उतरला होता. मार्चमध्ये तो औरंगाबादेत पोहोचला, समर्थांच्या जन्मगावापासून काही मजलांवर. मरण पावला तो १७०७ साली, अहमदनगरजवळ. पुरला गेला खुलताबादेत. भाविकांनी यात भविष्यवाणी पाहिली. टीकाकारांना हे काव्य राजकीय प्रचाराचे वाटले. आमच्या मते दोन्ही बाजू स्वप्नाचा काळ विसरतात. स्वप्नात इच्छिलेले घडून गेलेले असते, आणि कवीने तो भूतकाळ तसाच ठेवला आहे.

शिवराय आणि समर्थ यांची भेट १६४९ ची की १६७२ ची, हा वाद शतकभर चालला आणि त्यात पुष्कळ शाई आटली. या काव्याच्या थोरवीला त्याने बाध येत नाही.

स्वप्नातून साहित्य आल्याची उदाहरणे जगात आहेत. इंग्रज कवी कोलरिज याने ‘कुब्ला खान’ ही कविता झोपेत सुचल्याचे लिहिले. कोणी पाहुणा आल्यामुळे ती अपुरी राहिली, अशी त्याची तक्रार होती. स्टीव्हन्सनला ‘डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड’ या १८८६ च्या कथेतील प्रसंग स्वप्नात दिसले. तिथे लेखक स्वप्न आठवून लिहितो आणि काम संपते. समर्थांचे स्वप्न मठ बांधण्यात, शिष्य पाठवण्यात, उत्सव मांडण्यात खर्ची पडले.

त्यांचे लेखन शिष्य कल्याण यांनी उतरवून घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून बाडे गोळा करून ते छापले, म्हणून ते आपल्या हाती आले. जांबला समर्थांचे जन्मस्थान आणि राममंदिर आहे. या मंदिरातील पुरातन मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीस गेल्या, तेव्हा सारा मराठवाडा हळहळला. दोन महिन्यांनी पोलिसांनी त्या शोधून काढल्या.

काशीविश्वेश्वराचे आजचे मंदिर समर्थांच्या निधनानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १७८० च्या सुमारास उभे राहिले. ते बांधणाऱ्या अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म चौंडीचा, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातला.