धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी : हाती शस्त्र न घेता लढलेले संन्यासी



चौथीला शिवरायांचा इतिहास संपला की मुलं हमखास विचारतात, पुढे काय झालं? आपली जोगेश्वरी ज्या साष्टी बेटावर आहे, ते बेट तेव्हा पोर्तुगीजांकडे होतं. ते मराठ्यांकडे कसं आलं, हे सांगताना बाजीराव आणि चिमाजी आप्पांबरोबर एका संन्याशाचं नावही घ्यावं लागतं. ते म्हणजे ब्रह्मेंद्रस्वामी.

स्वामींचा जन्म वऱ्हाडात, साधारण १६४९ च्या सुमारास झाला. मूळ नाव विष्णू. लहानपणीच आईवडील गेले. पुढे त्यांनी काशीला संन्यास घेतला, तीर्थयात्रा केल्या आणि चिपळूणजवळ परशुरामाच्या डोंगरावर तपश्चर्येला बसले. श्रावण महिना ते समाधीत घालवत. हळूहळू त्यांचा लौकिक वाढला. परशुरामाच्या मोडकळीस आलेल्या देवळाचं काम त्यांनी देणग्या जमवून उभं केलं. त्यात कान्होजी आंग्र्यांप्रमाणेच जंजिऱ्याच्या सिद्दीचीही मदत होती. हे मुलांना आवर्जून सांगावं.

पुढे एका हत्तीवरून बिनसलं. सिद्दी सातसाठी आणलेला हत्ती आंग्र्यांच्या माणसांनी वाटेत अडवला. यात स्वामींचाच हात आहे, असा सिद्दी सातला संशय आला. १७२७ साली त्याने परशुरामाचं देऊळ लुटलं आणि तिथल्या ब्राह्मणांचा छळ केला. दुखावलेले स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला आले. शाहू महाराजांनी त्यांना ते गाव इनाम दिलं.

तिथून त्यांचं शस्त्र एकच, पत्र! शाहू महाराज, पेशवे, आंग्रे या सगळ्यांच्या मागे त्यांनी सिद्दीवर मोहीम काढा म्हणून तगादा लावला. १७३३ साली मोहीम सुरू झाली. १७३६ मध्ये अलिबागजवळ चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. जंजिरा मात्र हाती आलाच नाही.

१७३७ साली वसईची मोहीम निघाली. ठाणे घेतलं, साष्टीत मराठे आले आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला. विजयाची हकिकत चिमाजी आप्पांनी स्वामींना पत्राने कळवली. तेव्हा स्वामी नव्वदीचे होते.

आता एक अवघड गोष्ट. हे संन्यासी सावकारही होते. पेशव्यांना आणि सरदारांना ते व्याजाने पैसे देत आणि वसुलीसाठी कडक शब्दांत लिहीत. कर्जापायी जीव मेटाकुटीला आल्याचं बाजीरावाने त्यांनाच कळवलं होतं. त्या पैशातून स्वामींनी देवळं, तळी, विहिरी बांधल्या, हेही खरंच.

१७४५ च्या सुरुवातीला तुळाजी आंग्र्यांनी सिद्दीकडून अंजनवेल घेतलं. त्याच वर्षी श्रावणात स्वामींनी धावडशीला देह ठेवला. त्यांची समाधी तिथेच आहे.

वर्गात हा पाठ घेताना स्वामींना देव करू नये आणि खलनायकही करू नये, असं मला वाटतं. आपल्या वर्गात सगळ्या धर्मांची मुलं शेजारी शेजारी बसतात. एकेकाळी त्याच देवळाला सिद्दीनेही हातभार लावला होता. भांडण एका हत्तीच्या गैरसमजातून पेटलं आणि त्याची किंमत कित्येक वर्षं कितीतरी घरांनी मोजली. हा गैरसमज वेळीच कसा मिटवता आला असता, एवढा एक प्रश्न मुलांना जरूर विचारा. उत्तरं ऐकण्यासारखी येतात.