दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै, इ.स. १९०७ - २९ जून, इ.स. १९६६) हे भारतीय गणितज्ञ, इतिहासकार व प्राच्यविद्या-अभ्यासक होते. पुणे परिसरातील वेताळ, म्हसोबा, आसरा यांसारख्या उग्र लोकदैवतांकडे त्यांनी प्राचीन समाजाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून पाहिले.

जीवन

कोसंबी यांचा जन्म गोव्यातील एका खेड्यात झाला. पाली भाषा व बौद्ध धर्म यांचे विद्वान धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. इ.स. १९१८ मध्ये ते वडिलांसोबत अमेरिकेस गेले व इ.स. १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यानंतर सुमारे बारा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. पुढे इ.स. १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. या काळातही त्यांचे घर पुण्यातच होते आणि ते डेक्कन क्वीनने मुंबईस ये-जा करीत. जनुकशास्त्रातील कोसंबी सूत्र (इ.स. १९४४) त्यांच्या नावाने ओळखले जाते. आहत नाण्यांच्या वजनांचा त्यांनी सांख्यिकी पद्धतीने अभ्यास केला, तसेच भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली.

लोकदैवतांचा अभ्यास

कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या व जुन्या वाटा पायी फिरून पाहत. तेथे त्यांना सूक्ष्म दगडी हत्यारे आणि शेंदूर फासलेले तांदळे जवळजवळ आढळले. यावरून काही दैवतांची स्थाने प्रागैतिहासिक काळातील भटक्या समूहांच्या वाटांवर व मुक्कामांवर असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पुराणात देवीच्या हातून मारला जाणारा महिषासुर आणि खेड्याच्या शिवेवर पूजला जाणारा म्हसोबा यांचा त्यांनी संबंध जोडला. काही ठिकाणी म्हसोबाची जोगूबाईशी लग्नगाठ बांधलेली असते. देवीने रेड्याला मारणे आणि देवीने त्याच्याशी संसार करणे, या परस्परविरोधी कथांमागे पशुपालक व अन्नसंकलक समूहांतील संघर्ष आणि नंतरचा समझोता आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. डोहात माणसे ओढून नेणाऱ्या म्हणून भीती बाळगल्या जाणाऱ्या आसरा व मावळाया यांचाही त्यांनी मागोवा घेतला. कार्ल्याच्या लेण्यातील शिलालेखात येणारे मामाल हे प्रदेशनाम, आजचे मावळ आणि मावळाया यांचा परस्परसंबंध त्यांनी दाखविला. जुन्नरची मानमोडी, म्हणजे मान मोडणारी देवी, हिचे नाव तेथील प्राचीन शिलालेखातील डोंगराच्या नावात आढळते. बौद्ध लेणी येण्याआधीचे दैवत लेणी ओस पडल्यावरही टिकून राहते, याचे हे उदाहरण ते देत.

हे संशोधन प्रामुख्याने 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (इ.स. १९६२) या इंग्लिश ग्रंथात आहे. त्यांची काही अनुमाने, विशेषतः नामसाम्यावर आधारलेली, अपुऱ्या पुराव्याची असल्याची टीका झाली आहे. तथापि ग्रंथांइतकेच महत्त्व प्रत्यक्ष भूमीला व जिवंत रूढींना देण्याची त्यांची पद्धत पुढील अभ्यासकांना मार्गदर्शक ठरली. शहराच्या वाढीमुळे पुण्याभोवतीची अनेक रानस्थाने बदलून गेली असल्याने त्यांच्या नोंदींना आता स्वतंत्र महत्त्व प्राप्त झाले आहे.

मृत्यू व सन्मान

पुण्यातील राहत्या घरी झोपेत त्यांचे निधन झाले. इ.स. २००८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रकाशित केले.